इतर हक्क

गावाकडे थोडीफार जमीन असलेल्या आपल्यापैकी कुणालाच सातबाऱ्याचा उतारा नवा नाही. भारतवारीतले दोन दिवस तलाठ्याच्या कचेरीत गेल्याशिवाय आपली सुट्टी पुरी होते कुठे! त्या उताऱ्यात 'इतर हक्क' नावाचा एक रकाना असतो. सोसायटीचा बोजा, बहिणींची नावे, सगळे तिथे. इथल्या आमच्या जमिनीला असा एक हक्क आपणहून लावून घ्यायचा दिवस येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

नॉर्थ कॅरोलायनात, डरहॅमच्या उत्तरेला आमची बावीस एकर जमीन आहे. तिच्यातून वाहणारा ओढा फ्लॅट नदीला मिळतो. फ्लॅट, ईनो आणि लिटल या नद्यांचे पाणी न्यूस नदीवरच्या फॉल्स लेकमध्ये साठते. 1981 साली धरण पुरे झालेला हा तलाव म्हणजे रॉलेच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य साठा. म्हणजे मंडळाच्या गणपतीतल्या चहात आमच्या ओढ्याचा एखादा थेंब असणारच!

वरच्या अंगाला जंगल तुटून प्लॉट पडले की पावसाबरोबर माती आणि खते तलावात येतात. मग पाणी शुद्ध करायचा खर्च वाढतो. त्यापेक्षा ओढ्याकाठची झाडे राखलेली बरी, या साध्या हिशेबाने 2005 पासून रॉले शहर आणि इथले लँड ट्रस्ट एकत्र काम करू लागले. 2011 साली शहराने त्यासाठी पाणीपट्टीत शंभर गॅलनमागे एक सेंट घ्यायला सुरुवात केली. पैसा शहराचा आणि मालकांशी बोलणी, कागदपत्रे, पुढची देखरेख ट्रस्टची, अशी साधारण वाटणी.

ते जमीन घेत नाहीत. मालक आपणच राहतो, शेती करतो, विकूही शकतो. फक्त घरे बांधण्याचा, प्लॉट पाडण्याचा हक्क आपण सोडायचा. त्यामुळे किंमत किती उतरते ते मूल्यमापक ठरवतो. त्यातला काही भाग आम्हाला मिळणार होता, उरलेला आमच्याकडून दान.

आमचे 'हे' लगेच तयार झाले. मुलगा मात्र म्हणाला, "आई, पैशाचं सोड. पण कायमचं म्हणजे कायमचं! पन्नास वर्षांनी इथे काय लागेल हे तुम्ही आज कसं ठरवणार?"

प्रश्न खोटा नव्हता. दोन महिने घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी मुलगी म्हणाली, "दादा, तीस घरं झाली तर तीही कायमचीच ना? ती पाडून कोणी परत जंगल करणार आहे का?"

त्यावर मुलगा हसला, पण पटले असे काही म्हणाला नाही. मग रस्त्यालगतचा दोन एकरांचा कोपरा करारातून वगळला. पुढेमागे त्याला किंवा नातवंडांना घर बांधायचे झाले तर जागा हवी. ओढ्याच्या दोन्ही काठांना नांगर लावायचा नाही, झाडे तोडायची नाहीत, एवढे ठरले आणि कागद काउंटीच्या दप्तरी नोंदला गेला. आता ट्रस्टचा माणूस वर्षातून एकदा नकाशा घेऊन येतो, हद्द फिरतो, चहा घेतो आणि जातो.

मुलाचा प्रश्न अजून माझ्या मनात आहे. पण आमच्यानंतर या जमिनीचा मालक कोणी जोशी असो की जॉन्सन, ओढ्याचा हक्क त्याच्या आधीचा असेल, याचे समाधान मोठे आहे.

आपल्यापैकी कुणाकडे ओढ्याकाठची जमीन असेल तर जरूर चौकशी करा. दान केलेल्या भागावर फेडरल करात सवलत मिळू शकते, एका वर्षात न संपलेली पुढे पंधरा वर्षे वापरता येते. वकील मात्र स्वतःचा करा, आणि सही करण्याआधी मुलांना एकदा तो ओढा दाखवून आणा.