कुंडीत आलेलं रान

कुर्डू! बाजरीत, तिळात माजतो म्हणून खुरप्याने काढून बांधावर फेकतात ना, तोच. तो माझ्या पुण्यातल्या गच्चीत असा काही फुललाय की घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी वर नेते, पाणीसुद्धा नंतर विचारते.

यंदा कुंड्या भरायला गावाकडच्या शेतातली माती आणली होती. मृगाच्या सरी पडल्या आणि त्या मातीतून भराभर हिरवं वर आलं. सासूबाईंनी एका नजरेत सगळ्यांना ओळखलं. "अगं, हा कुर्डू. कोवळा आहे तोवर खुड, भाजी होते. तो पसरतोय तो केना, त्याची भजी कर. आणि तेरड्याला हात लावू नकोस, गौरीला लागेल." भाजी झाली, भजी झाली, आणि उरलेली रोपं मी वाढू दिली. मग जे सुरू झालं ते काय सांगू!

कुर्डूचं कणीस कधी जवळून पाहिलंय? अगदी डोळ्यांसमोर धरून? टोकाला गर्द गुलाबी, खाली येता येता फिकं, आणि बुडाशी चक्क रुपेरी. फुलं खालून वर उमलत जातात, कणीस लांबत जातं, आणि खालची फुलं गळत नाहीत. पाकळ्याच अशा कोरड्या, कागदी, की बोटांत धरल्या तर कुरकुरतात. रंग उतरतो, पण कणीस आठवडेच्या आठवडे ताठ उभं. आणि हे ऐका: आपण बागेत हौसेने लावतो तो मखमली तुऱ्याचा कोंबडा या कुर्डूचाच! वनस्पतिशास्त्रात दोघांची जात एकच, सेलोशिया अर्जेन्शिया. माणसांनी निवडून निवडून त्याचा तुरा फुगवला. मला विचाराल तर मूळचाच जास्त देखणा. कोंबडा जड दिसतो, कुर्डू वाऱ्यावर डुलतो.

पण खरं वेड लावलं ते केन्याने. नावेसारख्या दुमडलेल्या पानातून सकाळी एक निळं फूल डोकं वर काढतं. वर दोन ठसठशीत निळ्या पाकळ्या, खाली तिसरी लहानशी, आणि मध्ये पिवळेधमक ठिपके. ते ठिपके परागकोशांसारखे दिसतात, पण त्यातल्या वरच्या तिघांमध्ये परागच नसतात. कीटकांना बोलावण्यासाठी मांडलेला थाट आहे तो! दुपारी बघावं तर फूल विरघळून गेलेलं, आणि पुढे त्याच घडीतून दुसरं येतं.

एवढ्यावर थांबत नाही हा केना. कुंडी बदलताना एक रोप मुळासकट वर आलं, तर मुळांमध्ये पांढरे कोंब आणि त्यांच्यावर फुगीर गाठी. ती फुलं होती! मातीच्या आत, अंधारात फुलं! ती कधी उघडतच नाहीत, आतल्या आत स्वतःचेच पराग घेऊन बी धरतात, आणि ते बी वरच्या फुलांच्या बियांपेक्षा टपोरं असतं. शेतकरी वरून कापत राहतो तेव्हा खाली पुढच्या पावसाची तयारी झालेली असते. शेतात तो छळतो तो यामुळेच. म्हणून त्याला वाफ्यात सोडू नका, कुंडीतच ठेवा. कुंडीच्या काठावरून निळी फुलं घेऊन लोंबायला लागला की त्यापुढे विकतच्या वेली फिक्या.

तेरड्याबद्दल एवढंच सांगते: रानातला एकेरी तेरडा लावा, नर्सरीतला दुहेरी नको. आणि पिकलेल्या शेंगेला घरातल्या लहान मुलाचं बोट लावून बघा. शेंग फटकन फुटते, तिच्या कडा गुंडाळल्या जातात, बिया उडतात आणि पोरगं किंचाळतं. मीही किंचाळले.

या मंडळींना खत घालू नका. घातलं की नुसती पानं माजतात आणि कुर्डू उंच होऊन आडवा पडतो. साधी माती, ऊन, पाणी, बस्स.

मात्र रस्त्याकडेचं, शेतातलं सर्रास उगवणारं तेवढंच आणा. कासच्या पठारावरून काहीही आणू नका, बी सुद्धा नाही. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ साली जागतिक वारशात गेल्या, त्यांत कास आहे. तिथली सीतेची आसवं, दवबिंदू ही कीटक खाणारी चिमुकली झाडं जांभ्यावरच्या निकस, भिजक्या मातीत जगतात, आपल्या कुंडीत मरतील. गाजरगवताला थारा देऊ नका, अंगाला खाज सुटते. आणि घाणेरी तर नाहीच! शोभेची म्हणून बागेत आणलेली ती परदेशी झुडपं आज जंगलंच्या जंगलं गिळून बसली आहेत. कळलावीचा मोह मलाही होतोय, पानांची टोकं ग्रिलला वेटाळत चढणारी ती लाल-पिवळी फुलं कोणाला नकोत? पण तिचा कंद जहाल विषारी, आणि घरात रांगतं मूल आहे. तिने अजून थोडी वाट बघावी.

पुढच्या पावसाळ्यात मात्र टाकळा! त्याची पानं संध्याकाळी जोडीजोडीने मिटतात, आणि पिवळी छोटी फुलपाखरं त्यावर अंडी घालतात. अळ्यांनी पानं खाल्ली तर खाऊ देत, त्यांच्यासाठीच लावायचाय. एक अख्खी कुंडी रिकामी ठेवली आहे. कोणाच्या परसात टाकळ्याच्या वाळलेल्या शेंगा असतील तर मला द्या. बदल्यात कुर्डूचं काळंभोर चकचकीत बी देते, पाकिटं भरून तयार आहेत.