आधी जागा, मग मांडव

चार वर्षांपूर्वी गावच्या बारा मुलामुलींना घेऊन मी उत्तनच्या किनाऱ्यावर शिबिराला गेलो होतो. दिवस पौर्णिमेचा. संध्याकाळी ओहोटी असल्याने वाळू लांबवर मोकळी दिसत होती. मी शेतकीचा पदवीधर. मऊ जमीन पाहिली आणि तिथेच बांबू रोवायला सांगितले. झावळ्या बांधून होतात तोच वलांडीवरचे बोंबील काढणारी एक आजी जवळ आली. “सायेब, आज पुनव. मध्यरातीला पानी इथं येल.”

मुलांदेखत मांडव उपटताना लाज वाटली. रात्री बाराला त्याच जागी लाटा फुटत होत्या.

मुलांना उघड्यावर राहायला जरूर शिकवा. पण गाठी मारण्याआधी जागा निवडायला शिकवा. या किनाऱ्यावर पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी व मध्यरात्री बाराच्या सुमारास येते आणि पुढे रोज साधारण ५० मिनिटे उशिरा. वाळूवर काडीकचऱ्याची रेघ दिसते. मांडव तिच्या बराच वर घालावा. नारळाखाली नको, तोंड वाऱ्याकडे नको. आणि पहिला बांबू रोवण्यापूर्वी गावातल्या जाणत्याला विचारावे. मी विचारले नव्हते. आजी आपणहून आली, म्हणून निभावले.