पहारा बदलताना

नोटीस पीरियडमध्ये ऑफिस वेगळंच दिसायला लागतं. कॅलेंडरमधल्या मीटिंगा एकेक करून गळतात. भर दुपारी हाताशी असा निवांत वेळ उरतो, जो कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. मग माणूस बघत बसतो. कोण कोणाच्या डेस्कपाशी जातं, कोणाचा प्रश्न कोण परस्पर सोडवतं, चहाला निघताना कोण कोणाला हाक मारतं. मधोमध उभं असताना आपल्याला कामं दिसत असतात. कडेला आल्यावर माणसं दिसतात.

बाणेरच्या ज्या कंपनीतून मी बाहेर पडतेय, ती मी रुजू झाले तेव्हा एका फ्लॅटमध्ये मावत होती. ओट्यावर राउटर, हॉलमध्ये दोन लांब टेबलं, बाल्कनीत फोनवर बोलणारा सेल्सवाला. आता तीन मजले आहेत आणि लिफ्टमध्ये भेटणाऱ्या कित्येकांची नावं मी गळ्यातल्या कार्डावरून वाचते. पुण्याला अशी वाढ नवी नाही. १९८१ साली सात जणांनी दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस सुरू केली ती याच शहरात. दोन वर्षांत ती बंगळुरूला गेली आणि आज तिच्यात तीन लाखांहून जास्त माणसं काम करतात. अशी वाढ आपण उलाढालीच्या आकड्यांत वाचतो. मला मात्र दुसरा एक हिशेब सुचत राहतो.

सात माणसांत जोड्या किती होतात? २१. बारा जणांत ६६. पन्नास जणांत १,२२५. प्रत्येक जोडी म्हणजे एक समजूत, एखादा गैरसमज, एखादं ‘मला वाटलं तू सांगितलं असशील’. आयबीएमच्या सिस्टीम/३६० या संगणकांसाठी ऑपरेटिंग सिस्टीम तयार करण्याचं अवाढव्य काम फ्रेड ब्रुक्स यांनी सांभाळलं होतं. त्या अनुभवावरच्या १९७५ सालच्या पुस्तकात त्यांनी हे गणित मांडलं. रखडलेल्या सॉफ्टवेअर प्रकल्पात आणखी माणसं घातली, की तो आणखी रखडतो. नव्यांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि माणसं जेवढी वाढतात, त्याच्या कितीतरी पट बोलण्याच्या वाटा वाढतात. पन्नास वर्षांनंतरही पुण्यातल्या कुठल्याही रिलीजच्या आदल्या आठवड्यात हे अनुभवायला मिळतं.

फ्लॅटमधल्या दिवसांत आम्हाला म्होरक्या लागत नव्हता. एकाने फोनवर दिलेला शब्द बाकीच्यांच्या कानावर आपोआप पडायचा. भिंती आल्या, मजले आले, तसं कोणीतरी मध्ये उभं राहणं भाग पडलं. सेल्सचं टेस्टिंगला, टेस्टिंगचं क्लायंटला, क्लायंटचं पुन्हा आपल्याला. सगळी बोलणी एका माणसातून जायला लागली की त्या माणसाला आपलं मोल फार वाटतं. दिवसभर फोन, रात्री मेसेज, ‘तुमच्याशिवाय हलत नाही’ हे वाक्य. पण ज्या कंपनीत एका माणसावाचून हलत नाही, ती त्या माणसाच्या झोपेएवढीच वाढू शकते.

म्हणून वाढत्या कंपनीत पुढारपण म्हणजे एकेक जागा सोडत जाणं. मी आधी कोड लिहिणं सोडलं. मग रिलीज दुसऱ्याकडे दिली, मग मुलाखती, मग जुन्या क्लायंटची सोमवारची मीटिंग. यातलं प्रत्येक काम मला मनापासून आवडायचं आणि चांगलं जमायचं. अवघड भाग तोच आहे. न जमणारं काम कोणीही आनंदाने देतं. हातखंडा असलेलं काम द्यायचं, तेही घेणारा अजून कच्चा असताना, याला जिगर लागते. तो पक्का होईपर्यंत थांबू म्हटलं, तर तो कधीच पक्का होत नाही, कारण पक्कं होण्याचा दुसरा रस्ता नाही.

एका रिलीजची गोष्ट सांगते. रात्री दीडच्या सुमारास डेटाबेसचं मायग्रेशन मध्येच अडकलं आणि पेमेंट थांबली. त्या रात्री जबाबदारी लातूरकडच्या एका मुलीवर होती. टेस्टर म्हणून आली होती आणि नुकतीच लीड झाली होती. क्लायंटला तारखेचा शब्द गेलेला होता. तिने सगळं आधीच्या व्हर्जनवर परत नेलं, क्लायंटला स्वतः फोन लावला आणि ग्रुपवर चार ओळी टाकल्या. काय झालं, काय केलं, काय उरलंय, सकाळी कोण बघणार. मला ते सकाळी चहा घेताना कळलं. एवढा अभिमान मला माझ्या स्वतःच्या कुठल्याच कामाचा वाटलेला नाही.

त्या चार ओळी एका रात्रीत आल्या नव्हत्या. कुठलीही गडबड झाली, की दुसऱ्या दिवशी एकत्र बसायचं आणि ‘कोणी केलं’ याआधी ‘कसं झालं’ हे विचारायचं, हा रिवाज आम्ही पहिल्यापासून पाळला होता. माघार घेणाऱ्याला त्याचा जाब द्यावा लागत नाही, हे तिने पाहिलं होतं. धाडस येतं ते अशा पाहण्यातून.

मराठी माणसाला अशा धाडसाचा दाखला दूर शोधायला नको. मार्च १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड पडला आणि राजाराम महाराज जिंजीला पोहोचले. राजधानी गेलेली, छत्रपती दूर तमिळ मुलखात. तरी राज्य संपलं नाही. इकडे रामचंद्रपंत अमात्य हुकूमतपन्हा म्हणून कारभार पाहत होते आणि संताजी-धनाजी मोगल फौजांना स्वस्थ बसू देत नव्हते. १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर ताराराणींनी सूत्रं हाती घेतली. १७०७ मध्ये औरंगजेबाचा शेवट दख्खनमध्येच झाला. यामागे गड होते, डोंगर होते, रयतेची सोसण्याची ताकद होती. पण दूरच्या हुकमाची वाट न पाहता ठरवणारी माणसंही होती, आणि ती ऐनवेळी उगवली नव्हती. रामचंद्रपंत तरुणपणीच शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत बसले होते.

याच कहाणीची दुसरी बाजू मला जास्त अस्वस्थ करते. संताजी आणि धनाजी यांच्यात वितुष्ट आलं आणि १६९७ मध्ये संताजी मारले गेले. शत्रूला वर्षानुवर्षं जे साधलं नव्हतं, ते आपसातल्या फुटीनं झालं. माणसं समर्थ असणं पुरत नाही. दोन समर्थ माणसांमधला सांधा कोणीतरी जपावा लागतो. सगळी कामं देऊन टाकल्यावरही म्होरक्याच्या हाती शेवटपर्यंत राहायला हवं, ते हे एकच काम.

आमच्याकडे जाणाऱ्या माणसाला ‘केटी’, म्हणजे नॉलेज ट्रान्स्फर, द्यावी लागते. मीही दिली. आकृत्या काढल्या, सेशन रेकॉर्ड केली, पासवर्ड सोपवले. पण अमुक क्लायंट चिडल्यावरच फार गोड बोलतो, तमुक इंजिनिअर कामाने दबला की गप्प होतो, हे कुठल्या फोल्डरमध्ये ठेवणार? गावाकडच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणेचा पहारा असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पुढचा पहारेकरी येतो, आधी शेजारी उभा राहतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा गळ्यातून गळ्यात जाते. देणारा आणि घेणारा थोडा वेळ एकत्र उभे राहतात, त्या वेळातच जे जायचं ते जातं.

म्हणून शेवटचे आठवडे मी एकाच गोष्टीवर घालवले. जी माणसं आजवर माझ्यामार्फत बोलायची, त्यांना समोरासमोर बसवलं. बाल्कनीतला तो सेल्सवाला आता मोठा साहेब आहे. त्याला आणि लातूरच्या त्या मुलीला मी खालच्या टपरीवर नेलं. तारीख देण्याआधी तिला विचारायचं की नाही, यावरून दोघं तावातावाने भांडले, दुसरा चहा मागवला आणि मग तिने त्याच्या वहीत स्वतः एक नियम लिहून दिला. त्या वेळात माझी गरज पडली नाही.

मी घालून दिलेल्या पद्धती वर्षभरात बदलतील. बदलाव्यातच, कारण कंपनी बदलणार आहे. माझ्या जागी जे कोणी येईल त्याच्याकडे माझं एकच मागणं आहे. आठवड्यातून एकदा तरी बघावं, की कोणत्या दोन माणसांचं आपसातलं बोलणं थांबलंय, आणि हातातलं सगळं ठेवून आधी त्यांच्याकडे जावं. बाकीचं काम या टीमला येतं.