ईटचे भोपळे आणि मिरजेचे पाणी

भूमहून ईटकडे निघाले की बालाघाटाचा माळ लागतो. जमीन हलकी, पाऊस बेभरवशाचा. म्हणून इकडचा शेतकरी ज्वारीच्या जोडीला दुभती जनावरे धरून असतो. भूम तालुक्याचा खवा दूरदूर जातो, तो याच माळावरच्या दुधाचा.

कामानिमित्त या गावी माझे येणे-जाणे असते. गेल्या उन्हाळ्यात एका घराच्या आढ्याला वाळके भोपळे टांगलेले दिसले. पूर्वी असे भोपळे पाठीला बांधून पोरे विहिरीत पोहायला शिकत, बियाणे ठेवायलाही तुंबा लागे. या घरात मात्र त्यांचे दिवे आणि शोभेच्या वस्तू होत होत्या. सासू-सून पडवीत बसून वाळका भोपळा करवतीने कापीत, आतला गर खरवडीत आणि वरून पॉलिशपेपरने घाशीत. उन्हाच्या तिरिपेत धूळ नुसती नाचत होती.

“तोंडाला पदर बांधतो की साहेब,” सासूबाई म्हणाल्या, “पण कामाला बसली की रातच्याला हिला थंडी वाजून ताप येतो. छाती भरती. दोन दिवस काम नसलं की बरी.”

हिवताप म्हणून गोळ्या घेऊन झाल्या होत्या. मी म्हणालो, “डॉक्टरांकडे जा, पण नुसता ताप सांगू नका. भोपळ्याच्या धुळीचेही सांगा.”

वाचकहो, भोपळा वाळायला महिने लागतात. तो वरून खडखडीत वाजला तरी आत ओल राहते आणि त्या ओलीवर बुरशी धरते. असा भोपळा कोरडा खरवडला की गराच्या भुकटीबरोबर बुरशीचे बीजाणूही उडतात. केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाहून बारीक असलेले कण पदरातून किंवा उपरण्यातून सहज पार होतात आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी पोचतात. काहींना नुसती शिंक-खोकला होतो, काहींना दमा लागतो. काहींच्या शरीराला मात्र ही धूळ सोसत नाही. चार ते आठ तासांनी थंडी, ताप, कोरडा खोकला आणि धाप सुरू होते. काम दुपारी आणि ताप रात्री, त्यामुळे दोन्हींचा संबंध कोणाच्या ध्यानात येत नाही. बुरसलेल्या वैरणीने शेतकऱ्यांना होणारा असाच आजार इंग्लंडमध्ये १९३२ साली नोंदला गेला. उसाच्या बुरसट चिपाडांनीही तो होतो. वर्षानुवर्षे असे चालले तर फुप्फुसे घट्ट होत जातात आणि मग ती पूर्ववत होत नाहीत.

यावर तोड मला मिरजेत दिसली. बार्शीला गाडीत बसलो की कुर्डुवाडी, पंढरपूर, सांगोला करीत मिरज येते. ही जुनी बार्शी लाइट रेल्वेची वाट. १९२७ साली ती मिरजेपर्यंत पोचली. तेव्हा रूळ अरुंद होते, आता ते रुंद झाले आहेत. वाटेतल्या पंढरपूर-मंगळवेढा भागात शेतकरी खास वाद्यांसाठी कडू भोपळा पिकवतात. भाजीचा लाल भोपळा तो नव्हे, हा दुध्याच्या जातीतला. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब या शिकलगार कारागिराने तंबोरे, सतारी बनवायला सुरुवात केली. हत्यारांना धार लावणारे हात सुरांकडे वळले! २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

तिथे भोपळा आधी पाण्यात भिजवून मऊ करतात, मग कापतात आणि बी-गर काढतात. त्यांचा हेतू भोपळा तडकू नये, हवा तसा आकार घ्यावा, हा. पण ओला गर उडत नाही, हे आपल्या कामाचे. पुढचे लाकूड घासणे मात्र तिथेही कोरडेच चालते, तेव्हा मिरजेचे सगळेच उचलावे असे मी म्हणणार नाही.

घरी करायचे तर भोपळा प्रथम पाण्यात बुडवून, वर दगड ठेवून रात्रभर मुरू द्यावा. सालीवरची काळी बुरशी नारळाच्या शेंडीने ओलीच घासावी. मग अंगणात, वारा पाठीशी घेऊन लहान भोक पाडावे, आत कोमट पाणी भरून एक दिवस ठेवावे आणि गर चमच्याने काढावा. तो उकिरड्यात टाकून वर माती लोटावी. गुळगुळीत करायला पाण्यात चालणारा पॉलिशपेपर मिळतो, तो घ्यावा. थोडे काम कोरडे करावेच लागले तर करोनात पाहिलेला एन-९५ मास्क नाकावर घट्ट बसवून वापरावा. दाढी असली तर तो नीट बसत नाही. पंखा समोर ठेवू नये. नंतर खराट्याने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावे. कामाचे लुगडे वेगळे धुवावे. लहान मुले आणि दमेकरी त्या पडवीत नकोतच.

लाखेचे पॉलिश देताना स्पिरिटची वाफ छातीत जाते आणि भडकाही उडतो. ते काम उघड्यावर, चुलीपासून आणि खव्याच्या भट्टीपासून लांब करावे.

ज्याला एकदा असा ताप येऊन गेला, त्याने मात्र ओल्या भोपळ्यालाही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. अशा माणसाला पुढे थोडी धूळही पुरते. घरातल्या दुसऱ्या कोणी गर काढावा. नक्षी आणि रंगकाम त्याच्याकडे द्यायला हरकत नाही.