लोणावळ्याच्या धुक्यांतील उंट

गेल्या श्रावणांत आमच्या घरचीं लहानथोर अकरा माणसें लोणावळ्यास गेलीं होतीं. तळेगांव मागें पडलें कीं मावळचीं भातखाचरें डोळे निववूं लागतात. मळवलीजवळ डाव्या हातास लोहगड-विसापूर दिसावयाचे, पण त्या दिवशीं ढगांनीं सारेंच झांकून टाकलें होतें.

पहिल्या दिवशीं कार्ल्याचें लेणें पाहिलें. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या त्या चैत्यगृहांत खांबांवर गुडघे टेकून बसलेले हत्ती व त्यांवर आरूढ झालेलीं जोडपीं कोरलेलीं आहेत. तेव्हांपासून आमच्या नातवानें "मलाहि बसायचें" असा घोष लावला. दुसऱ्या दिवशीं टायगर पॉइंटवर त्याच्यापुढें वाहन आलें तें उंटाचें!

वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पावसाच्या या मुलखांत मरुभूमीचा प्राणी! त्याच्या झुलींतून पाणी निथळत होतें. उंटाचा तळवा रुंद व मऊ, वाळूंत रुतूं नये असा. तोच चिखलांत घसरतो. दमट हवेंत त्याला खरूज लवकर जडते, आणि चावऱ्या माशांपासून सुर्रा नांवाचा ज्वर होतो. नोकरीचीं कांहीं वर्षें मीं बिकानेरास काढलीं, म्हणून एवढें ठाऊक. तेथें १९८४ पासून उंटांचें सरकारी संशोधन केंद्र आहे.

उंटवाला मारवाडचाच निघाला. त्याच्या बोलींत विचारपूस करतांच तो खुलला. "बाबूजी, तिकडे चराई उरली नाहीं. याला लहानपणींच इकडे आणला. या डोंगरावर हा एकटाच." राजस्थानानें २०१४ सालीं उंटास राज्यपशु ठरविलें व २०१५ सालीं त्याच्या परराज्यांत जाण्यावर कायद्यानें निर्बंध घातले. हेतु रक्षणाचा, परंतु गिऱ्हाईक तुटल्यानें उंट पाळणें परवडेनासें झालें, अशी तेथील रायका पशुपालकांची तक्रार आहे. देशांत २०१२ सालीं सुमारें चार लाख उंट होते, ते २०१९ च्या गणनेंत अडीच लाखांवर आले.

मला त्या 'एकटाच' शब्दाचें वाईट वाटलें. उंटाचा दक्षिण अमेरिकेंतील भाऊबंद जो लामा, तो कळपावांचून ठेवणें जाणते लोक गैर मानतात. माणसांतच वाढविलेला नर तर पुढें माणसालाच आपल्या जातीचा समजून अंगावर धांवतो. ओझें फार झालें कीं लामा सरळ बसकण मारतो. तेवढी मुभा आमच्या या उंटास कोठली? भारवाहक जनावरांविषयींच्या १९६५ च्या नियमांत उंटास अडीचशें किलो वजन व दिवसाचे नऊ तास काम, अशी मर्यादा आहे. दोन स्वार तींत सहज बसतात. चिखलाचें कलम मात्र त्यांत नाहीं.

"बसवूं नका," मीं म्हटलें. नातवाचे डोळे भरून आले. सौ. हलकेंच म्हणाली, "अहो, पण त्या बिचाऱ्याचें पोट आहे त्यावर." मीं पैसे पुढें केले, तर तो मागें सरला. "फुकटचें नको, बाबूजी." अखेर असें ठरलें कीं नातवानें दोरी धरून उंटाला डांबरी रस्त्यानें चहाच्या टपरीपर्यंत न्यावें व भाडें पुरें द्यावें. टपरीजवळ उंट गुडघे मोडून बसला. तेथेंच मालकानें त्याला कडबा घातला.

परतीच्या गाडींत नातवानें विचारलें, "आजोबा, तो रात्रीं कोठें निजतो?" तें विचारावयाचें आम्हां मोठ्यांपैकीं कोणालाच सुचलें नव्हतें.