सुनेचं ऑपरेशन

१८ नोव्हेंबर
आशाताई दुकानात आल्या. पावकिलो साखर. पैसे देताना हळूच म्हणाल्या, "दादा, २१पासून पुरुष नसबंदीचा पंधरवडा आहे." मागे दोन गिऱ्हाइकं. मी वजनकाटा पुसत राहिलो.

१९ नोव्हेंबर
हिचं हिमोग्लोबिन आठ. दोन्ही वेळा सिझर. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पुन्हा हिच्याच पोटाला हात कशाला? तुम्ही करा की."

२१ नोव्हेंबर
झोप नाही. मोबाइलवर वाचलं. २०१९-२१चं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. बायकांची शस्त्रक्रिया शेकडा ३७.९. पुरुषांची ०.३. म्हणजे हजारात तीन.
आमच्या आळीत एकही नसेल. असला तरी सांगणार कोण?

२३ नोव्हेंबर
आईला सांगितलं. "पोती कोण उचलणार?" एवढंच.
रात्री स्वतःहून बोलली. आणीबाणीत थोरल्या मामांना बाजारातून ट्रकमध्ये घालून नेलं होतं. आजीनं दोन दिवस चूल पेटवली नव्हती.
मामा त्यानंतरही आखाड्यात उतरायचे. हे मी म्हटलं नाही.

२४ नोव्हेंबर
गुरुजी पेपर वाचायला आले. आणीबाणीचा विषय मीच काढला. म्हणाले, १९७६ साली आपल्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, अमलात आलं नाही. मग चष्म्यावरून बघत, "आज कशी आठवण झाली?"
तूरडाळीचा भाव सांगितला.

२८ नोव्हेंबर
ग्रामीण रुग्णालय. आम्ही तिघं. एकानं शेवटपर्यंत हेल्मेट काढलं नाही.
भुलीचं इंजेक्शन तेवढ्याच जागी. बारीक छिद्र, टाका नाही. डॉक्टर काम करता करता बोलत होते. बीज वाहून नेणारी नळी तेवढी बंद होते, पुरुषपण त्या नळीत नसतं. वीस मिनिटांत उठलो.
तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्यतपासणी. तोवर भरवसा नाही.

२९ नोव्हेंबर
ठणका आहे. दाढ काढल्यावर असतो तेवढा. घट्ट लंगोट, बर्फ.

३० नोव्हेंबर
शेजारच्या काकू डिंकाचे लाडू घेऊन आल्या. "सूनबाई कशी आहे?"
आईनं आळीत सांगितलंय, सुनेचं ऑपरेशन झालं. हिला बाहेरच्या खोलीत पांघरूण घालून निजवलं. मी आत.
लाडू मी खाल्ले.

१ डिसेंबर
आणखी दोघी येऊन गेल्या. हिनं कण्हून दाखवलं. त्या गेल्यावर हसली.
रात्री हसत नव्हती. "एक गोष्ट तुम्ही केलीत. तीही माझ्याच नावावर?"

५ डिसेंबर
दुकान उघडलं. जड काम नोकराकडे. विचारेल त्याला, कंबर धरलीय.

२० डिसेंबर
साखरेचं पोतं उचललं. ५० किलो. आई दारात उभी. पोतं ठेवेपर्यंत हलली नाही.

४ मार्च
रिपोर्ट आला. शुक्राणू आढळले नाहीत. हिनं दोनदा वाचला आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला.

५ मार्च
काकू पोहे घ्यायला आल्या. "सूनबाईचे टाके दुखतात का गं बाई अजून?" माझ्यामागे बघून, आईला. दुकानात चौघं.
आईच्या आधी मी बोललो. "काकू, ऑपरेशन माझं झालं. लाडूही मीच खाल्ले."
चौघांतला एक उगाच बिस्किटांचे पुडे चाळायला लागला. गुरुजींनी पेपर खाली केला.
काकू आईला घेऊन आत गेल्या. काय बोलणं झालं कळलं नाही. जाताना लाडवांचा डबा मात्र परत मागून नेला.