बाहेर पडण्याची विद्या

महाभारतातील अभिमन्यूची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते. चक्रव्यूहात शिरण्याची विद्या त्यास अवगत होती, बाहेर पडण्याची नव्हती. बहुतेक लोक या कथेतून शौर्याचा बोध घेतात. आम्ही पडलो केंद्र सरकारच्या कचेरीतले कारकून. आमचे लक्ष त्याच्या मागून येणाऱ्या मंडळींकडे जाते. अभिमन्यूने व्यूह फोडावा आणि त्याच वाटेने पांडवांनी आत घुसावे, असे ठरले होते. जयद्रथाने वाट अडविली, आत गेलेला पोर एकटा पडला आणि पुढचे सर्वश्रुत आहे. सोबत तुटली की विद्या अपुरी पडते, हा त्या कथेचा अर्थ आम्हांस अलीकडे एका संगणकीय खेळाने नव्याने समजावून दिला.

संगणकावरील खेळ हा विषय प्रस्तुत मासिकाच्या वाचकांस पोरकट वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या खेळाविषयी आम्ही लिहीत आहो, तो वयाने आमच्याहून थोर आहे. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाचे अँड्रयू ग्रीनबर्ग व रॉबर्ट वुडहेड या दोन विद्यार्थ्यांनी रचलेला ‘विझर्ड्री’ १९८१ साली ॲपल टू या संगणकासाठी बाजारात आला. त्यातील दुष्ट मांत्रिकाचे नाव वेर्डना आणि वेड्या राजाचे ट्रेबोर. ही दोन्ही नावे रोमन लिपीत उलटी वाचली की ग्रंथकर्ते स्वतःच प्रकट होतात. कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन टेबलाभोवती खेळावयाचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये निघाला होता. तसल्या खेळातील सबंध टोळी एकट्या माणसास घरबसल्या चालविता यावी, हा या जोडगोळीचा खटाटोप. पुढे जपानात त्याचे मोठे कौतुक झाले. डिजिटल एक्लिप्स या संस्थेने मूळ आज्ञावलीवरच नवे चित्रकाम व संगीत चढवून मे २०२४ मध्ये त्याची नवी आवृत्ती काढली, आणि २०२५ साली त्या संगीतास ग्रॅमी पारितोषिकही मिळाले. ग्रीनबर्ग मात्र २०२४ च्या ऑगस्टमध्येच निवर्तले होते.

आमच्या घरी हा खेळ शिरला तो पावसाच्या निमित्ताने. देशावर पाऊस पाय काढता घेतो, तेव्हा चेन्नईत तो मुक्कामास येतो. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी फेंगल वादळ पुदुच्चेरीजवळ जमिनीवर चढले. त्या दिवशी शाळा बंद, रस्ते जलमय, विमानतळावरील वाहतूकही काही तास ठप्प. सरकारी वसाहतीतल्या दोन खोल्यांत आम्ही, आमच्या सौभाग्यवती आणि दहा वर्षांचे चिरंजीव असे तिघे अडकलो. चिरंजीवांचे मराठी ही आमच्या घरातील जुनी काळजी. मित्रांशी तमिळ, शाळेत इंग्रजी व हिंदी, आणि मराठी केवळ जेवणाच्या ताटापुरते व रागावण्यापुरते. आमच्यासारख्या परमुलखात नेमणूक झालेल्या अनेकांच्या घरी हीच अवस्था असेल.

खेळाची सुरुवात लढाईने होत नाही, नोकरभरतीने होते. बळ, बुद्धी, श्रद्धा, जीवट, चपळाई व दैव असे सहा गुण; माणूस, बुटका, एल्फ इत्यादी पाच जाती; आणि लढवय्या, मांत्रिक, पुजारी, चोर अशा वृत्ती. यांतून सहा जणांचे पथक उभारावयाचे. प्रत्येकाचा स्वभाव सज्जन, दुर्जन की तटस्थ, हेही आधीच लिहून द्यावे लागते. सज्जन आणि दुर्जन एका पथकात येत नाहीत. तटस्थ मात्र कोणाबरोबरही नांदतो. आमच्या कचेरीतील अनुभवाशी हे इतके जुळले की आम्ही मोठ्याने हसलो. पुजाऱ्यास तटस्थ राहण्याची मुभाच नाही आणि चोरास सज्जन होण्याची! तरीही चोरावाचून चालत नाही, कारण पेट्यांना लावलेले सापळे उकलण्यात तोच तरबेज असतो. म्हणून सज्जनांच्या पथकात एक तटस्थ चोर घ्यावा लागतो. राज्यकारभाराचे एवढे मर्म आम्हांस कोणत्याही खात्याच्या परीक्षेत शिकविले गेले नव्हते.

गावातील धर्मशाळाही आम्हांस ओळखीची वाटली. तबेल्यापासून राजेशाही दालनापर्यंत निवासाचे पाच दर्जे; तबेला फुकट, बाकीच्यांचे दर चढते. तबेल्यात झोपले तर मंत्रशक्ती परत येते, परंतु जखमा भरत नाहीत. पैसे मोजून खोली घेतली तर जखमा भरतात, पण आठवडे जातात आणि माणसे वयाने वाढतात. प्रवासभत्त्याची वर्गवारी ज्याने एकदा भरली आहे, त्यास याचे निराळे स्पष्टीकरण नको.

गावाबाहेर भुयार. दहा मजले, प्रत्येक मजल्यावर वीस गुणिले वीस, म्हणजे चारशे चौक. पुढच्या रांगेत तिघे शस्त्रे परजून, मागच्या रांगेत तिघे त्यांच्या आडोशाला. शत्रू समोर आला तरी तो नक्की कोण, हे प्रथम कळत नाही. ‘लहानखुरी मनुष्याकृती’, ‘अंगरखा घातलेला पुरुष’ एवढीच मोघम नोंद असते. काही चौकांत पाऊल पडताच पथकाचे तोंड नकळत फिरते; काही भागांत असा काळोख की प्रकाशाचा मंत्रही चालू नये. नवी आवृत्ती नकाशा स्वतः काढून देते. पण १९८१ चे खेळाडू आलेखकागद घेऊन बसत, हे ऐकल्यावर चिरंजीवांनी आपली गणिताची वही पुढे केली. नकाशावरील नोंदी मराठीत करावयाच्या, एवढी एकच अट आम्ही घातली. आठवडाभरात ‘जिना’, ‘चोरदार’, ‘आग्नेय’, ‘नैर्ऋत्य’ हे शब्द त्या वहीत आले, आणि वहीतून बोलण्यात आले.

चेन्नईत वैकुंठ एकादशीच्या रात्री पुष्कळ घरांतून परमपदम् खेळतात. आपल्या मोक्षपटाचेच ते भावंड. मोक्षपटाचे जनकत्व परंपरा ज्ञानेश्वरांकडे देते. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप आणि हाती फासे. त्या पटावर पुढे जाणे हाच धर्म, आणि साप गिळतो तेव्हा खेळणाऱ्याचा काही इलाज नसतो. विझर्ड्रीमध्येही दैव आहेच, परंतु तेथे एक निर्णय सर्वस्वी आपला असतो: कोठून माघारी फिरावयाचे. अंगात बळ आहे, मंत्र शिल्लक आहेत, समोर न उघडलेले दार आहे. आणि तरीही वही मिटून जिन्याकडे वळावयाचे. हे संयमाचे शिक्षण फार कडू आहे, कारण उशीर झाल्यास त्याचा दंड जबर असतो. मेलेला माणूस गावातील देवळात दक्षिणा भरून उठविता येतो, पण तेथे हमी नाही. प्रयत्न फसला तर देहाची राख होते. राखेवरचा प्रयत्न फसला तर तो माणूस कायमचा जातो. आणि सगळेच्या सगळे पथक आत पडले, तर त्यांचे देह तेथेच राहतात. नवी माणसे भरती करून, त्यांना शिकवून, त्याच वाटेने पाठवून ते शोधून आणावे लागतात.

नावे देण्याचे काम चिरंजीवांकडे होते. पुढच्या तिघांना त्याने आपल्या तमिळ मित्रांची नावे दिली. मांत्रिकाला स्वतःचे, चोराला आमचे. पुजाऱ्याचे नाव टंकताना तो क्षणभर थांबला आणि त्याने लिहिले, ‘आबा’.

आमचे तीर्थरूप मे २०२१ मध्ये वाईस वारले. दुसऱ्या लाटेचे ते दिवस. आम्ही येथून निघून पोहोचलो तोवर सर्व काही उरकले होते. चिरंजीव तेव्हा सहा वर्षांचा होता व आईजवळ चेन्नईसच राहिला. त्यानंतर या विषयावर आमच्या घरात फारसे बोलणे झाले नाही. त्याने विचारले नाही, आम्ही सांगितले नाही. म्हणून पडद्यावर ते नाव उमटले तेव्हा आम्ही गप्प राहिलो.

डिसेंबरातील एका रात्री दुसऱ्या मजल्यावर अंगरखेवाल्यांची टोळी आडवी आली. मांत्रिकांचा अग्नी मागची रांग, पुढची रांग असा भेद करीत नाही. आबा पडले. त्यांच्याबरोबर जखमा भरून काढण्याचे सर्व मंत्रही गेले. उरलेले पाच जण घायाळ, आणि मांत्रिकापाशी एकच मंत्र म्हणण्याइतकी शक्ती. ती आग फेकण्यास वापरावी, की ‘दुमापिक’ म्हणून आपण जिन्यापासून किती चौक दूर आहो हे विचारावे? चिरंजीवाने बराच वेळ वहीकडे पाहिले आणि दुसरा मार्ग निवडला. मग आम्हांस म्हणाला, “बाबा, आबांना घेऊन वर जायचंच. कुणी अडवलं तरी.”

वाटेत एकदाच चकमक झाली. ती पुढच्या तिघांनी तलवारीवर निभावली. वर पोहोचण्यास अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात आमच्या हातास घाम सुटला होता, हे सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

त्याच रात्री अंथरुणावर त्याने विचारले, “खऱ्या आबांना आणायला कोण गेलं होतं?” आम्ही सर्व सांगितले. गाडीचा प्रवास, पुण्याहून पुढे मिळालेले वाहन, शेजाऱ्यांनी केलेली व्यवस्था, रिकामी आरामखुर्ची. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, “म्हणजे शेजारचे त्यांच्याबरोबर होते.” आम्ही होय म्हटले. त्याला एवढेच हवे होते, आणि साडेतीन वर्षे आम्हांलाही बहुधा एवढेच म्हणावयाचे होते.

पुढील रविवारी आम्ही त्याला जिंजीची गोष्ट सांगितली. येथून सुमारे दीडशे किलोमीटरांवर असलेला हा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतला, आणि २०२५ साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा हा एकच. १६८९ मध्ये राजाराम महाराज मोजक्या माणसांनिशी, यात्रेकरूंच्या वेषात, शत्रूच्या मुलखातून तेथवर गेले. बंगळुरास संशय आला, तेव्हा महाराज पुढे निसटले आणि खंडो बल्लाळ काही सोबत्यांसह मागे राहिले. त्यांना पकडून मारझोड झाली, परंतु त्यांनी तोंडातून अक्षर काढले नाही. “मग त्यांना आणायला कोण गेलं?” हा प्रश्न येणार, हे आम्हांस ठाऊक होते. कोणी गेले नाही. ते सुटले आणि आपल्या पायांनी जिंजीस पोहोचले. चिरंजीवाने समाधानाने मान हलविली व त्या किल्ल्याचा नकाशा मिळेल काय, असे विचारले.

खेळाविषयी आमचे पहिले मत विचाराल तर ते असे. तो निष्ठुर आहे, संथ आहे, आणि ज्यास कचेरीतून थकून आल्यावर केवळ मन रमवावयाचे आहे त्याने त्याच्या वाटेस जाऊ नये. परंतु ज्यास वही, पेन्सिल आणि शेजारी बसणारे एखादे माणूस लाभले आहे, त्याने अवश्य जावे. आम्ही अजून तिसरा मजला पाहिलेला नाही. मृताच्या पातळीप्रमाणे देवळातील दक्षिणा वाढते, आणि पथकाची थैली तोकडी आहे. म्हणून सध्या पाचच जण पहिल्या मजल्यावर, जिन्यापासून फार दूर न जाता, थोडे थोडे सोने जमवीत आहेत. राख होण्याचा धोका चिरंजीवास समजला आहे. प्रयत्न केव्हा करावयाचा, हे त्यानेच ठरवावे असे आम्ही त्यास सांगितले आहे. त्याने वहीच्या शेवटच्या पानावर जमेचा हिशेब मांडला आहे, आणि वर मराठीत मथळा दिला आहे, ‘आबांसाठी’.